लाख, दोरी आणि सीए रिपोर्ट

१८९७ सालचा जून महिना. १२ तारखेला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याच्या पद्धतीला मंजुरी दिली आणि कलकत्त्यात जगातलं पहिलं ठसे कार्यालय सुरू झालं. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, २२ तारखेच्या रात्री, पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या सुटल्या. राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नरच्या बंगल्यातून, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून, पाहुणे परतत होते. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुणेकरांच्या डोळ्यांत खुपणारा रँड ३ जुलैला गेला.

कलकत्त्याच्या शोधाचा पुण्याच्या तपासाला काडीचाही उपयोग नव्हता. अंधारात, पावसाळी रस्त्यावर, धावत्या बग्गीवर चढून केलेल्या खुनात ठसे कुठले मिळणार? सरकारने वीस हजार रुपयांचं इनाम लावलं. पोलीस अधिकारी ब्रुइनने तुरुंगात असलेल्या द्रविड नावाच्या माणसाला बोलतं केलं. दामोदर चाफेकर सापडले, त्यांचा कबुलीजबाब झाला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. पुढच्याच फेब्रुवारीत वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या.

मी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली आणि तीही बहुतेक आरोपींच्या बाजूने. त्यामुळे माझं इतिहासाचं वाचन थोडं वाकडं आहे. बाकीचे लोक खुनाची गोष्ट ‘कुणी केला’ इथून वाचतात, मी ‘सिद्ध कसा झाला’ इथून वाचते. तसं पाहिलं तर रँडच्या खटल्यात जुन्या जगाचा अख्खा पुरावा-संसार दिसतो: इनाम, खबऱ्या आणि कबुलीजबाब. या तिन्हींत माणूस फोडावा लागतो, आणि फोडलेल्या माणसाची किंमत पुढे कुणीतरी मोजतं. विज्ञान आलं ते या तिन्हींतून सुटका करण्याचं आश्वासन घेऊन. गेल्या सव्वाशे वर्षांत त्या आश्वासनाचं काय झालं, ते पुण्याच्या खटल्यांतून चांगलं कळतं.

ठशांपासून सुरुवात करू. ती पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली, पण वर्गीकरणाचं डोकेफोडीचं काम केलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली फौजदारांनी. दहा बोटांच्या ठशांची त्यांनी अशी विभागणी बसवली, की लाखभर कागद आले तरी १०२४ खणांच्या कपाटात नेमका हवा तो कागद काही मिनिटांत हाती लागावा. लगेच १८९८ मध्ये जलपाईगुडीचा खटला उभा राहिला. चहाच्या मळ्यावरच्या मॅनेजरचा खून झाला होता, आणि घरातल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याची खूण होती. ती एका जुन्या नोकराच्या, आधी चोरीत शिक्षा झालेल्या माणसाच्या ठशाशी जुळली. न्यायालयाने काय केलं? चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी नाही. अंगठा तिथे होता एवढंच ठशाने सांगितलं, त्या हाताने आणखी काय केलं ते सांगितलं नाही. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यातलं ४५ वं कलम दुरुस्त होऊन ठशांच्या तज्ज्ञाचं मत ग्राह्य ठरलं, पण ‘मत’ म्हणूनच. तो शब्द कायद्याने फार विचारपूर्वक ठेवलेला आहे.

राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात असल्याने ठसेतज्ज्ञ आम्हाला शिवाजीनगरच्या कोर्टात नेहमी दिसायचे. ते मोठे केलेले दोन फोटो शेजारी शेजारी लावून आणायचे. त्यावर लाल रेघा आणि आकडे: इथे रेघ संपते, इथे तिला फाटा फुटतो, इथे बेट आहे. त्यांच्या विषयात त्यांना गाठणं अवघड. माझे सीनियर त्या फंदात पडतच नसत. ते शांतपणे विचारायचे, “साहेब, हा ग्लास आपण स्वतः घटनास्थळावरून उचललात?” तज्ज्ञ म्हणायचे, “नाही, पोलीस ठाण्याकडून आला.” एवढ्यावर सीनियर खाली बसायचे. पुढचा अर्धा तास मग पंचाचा आणि हवालदाराचा.

आता ज्या खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते तो. पुराव्याचा कायदा शिकताना पुण्याच्या विद्यार्थ्याला तो जरा जास्तच जवळचा वाटतो, कारण सुरुवात शुक्रवार पेठेत होते. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. ऑल इंडिया रिपोर्टर, १९६०, सर्वोच्च न्यायालय, पान ५००.

लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा. त्यांच्या वाड्याच्या आवारातच डॉ. लागू भाड्याने राहत. ते बाईंचे डॉक्टर होते आणि हळूहळू त्यांच्या पैशाअडक्याचे व्यवहारही पाहू लागले होते. बाईंना मधुमेह होता. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री, मुंबईच्या एका नामांकित डॉक्टरांना दाखवायचं म्हणून दोघं पुण्याहून पॅसेंजर गाडीने निघाले. पहाटे बोरीबंदरला गाडी लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं आणि नाव नोंदवलं ते माहेरचं. त्याच सकाळी बाई गेल्या. कागदावर मरणाचं कारण लिहिलं गेलं डायबेटिक कोमा.

पुण्याला तार गेली, पण शव न्यायला कुणी आलं नाही. दावेदार नसलेला देह म्हणून तो ग्रँट मेडिकल कॉलेजात विच्छेदनासाठी गेला. खरं तर गोष्ट इथेच संपायची. वैद्यकीच्या मुलांनी शरीर उघडलं असतं आणि सगळं कायमचं मिटलं असतं. पण तिथल्या एका शिपायाला मानेवर कसलीशी खूण दिसली आणि त्याने ती वर कळवली. त्यामुळे विच्छेदन थांबलं आणि २३ नोव्हेंबरला रीतसर शवविच्छेदन झालं. गळा आवळल्याचं काही निघालं नाही. व्हिसेरा राखून रासायनिक विश्लेषकाकडे पाठवला. तोवर मृत्यूला दहा दिवस झाले होते. अहवाल आला: विष आढळलं नाही.

तिकडे पुण्यात लक्ष्मीबाई कागदोपत्री जिवंत होत्या. आप्तांना त्यांच्या नावाने पत्रं येत होती, की मी राठोडीच्या जोशींशी लग्न केलंय, सुखात आहे, शोध घेऊ नका. त्यांचे शेअर आणि पैसे मात्र डॉक्टरांच्या हातून इकडून तिकडे जात होते. नातेवाइकांना आणि परिचितांना संशय आला, वर अर्ज गेले, आणि १९५८ मध्ये अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी अपील फेटाळलं.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. बचावाचा मुद्दा साधा आणि जबर होता. विषाने मारलं म्हणता, मग विष दाखवा! हिदायतुल्लांनी इंग्लंडमधल्या विषप्रयोग करणाऱ्या डॉक्टरांचे जुने खटले काढले आणि म्हटलं, की विष सापडलंच पाहिजे असा नियम केला, तर न सापडणारं विष माहीत असलेला हुशार माणूस कायमचा सुटेल. कोणतं विष आणि कधी दिलं हे ठाऊक नसलं, तरी खोटं नाव, शवाकडे फिरवलेली पाठ, मेलेल्या बाईची पत्रं, तिचा पैसा या सगळ्याला निरपराधपणाचा एकही अर्थ लागत नाही. न्यायमूर्ती सरकार यांना ते पटलं नाही. मधुमेहाने मृत्यू झाल्याची शक्यता त्यांच्या मते पुसली गेली नव्हती.

या निकालपत्राचं मला सगळ्यात कौतुक कशाचं वाटतं, तर त्यातल्या केसपेपरच्या चर्चेचं. लघवीच्या तपासणीत अ‍ॅसिटोन होतं की नव्हतं, ती नोंद कुणी आणि कधी केली, इन्सुलिन किती दिलं, शवविच्छेदन व्हावं असं कुणाला वाटलं आणि ते का झालं नाही. देशातलं सर्वोच्च न्यायालय एका सकाळच्या वॉर्डातली वहीच्या वही वाचतं. डायबेटिक कोमा हे शास्त्रीय निदान खरं ठरलं असतं तर आरोपी सुटला असता, म्हणून त्या निदानाचाच उलटतपास झाला. प्रयोगशाळेने हात टेकले, तेव्हा कारकुनी नोंदींनी काम केलं. आणि त्या शिपायाने तोंड उघडलं नसतं, तर व्हिसेरासुद्धा नव्हता.

पुढच्या दशकात विज्ञानाच्या वाट्याला आणखी एक साक्षीदार आला, चार पायांचा. पोलिसांच्या श्वानपथकाविषयी लोकांना भलताच विश्वास. गावात कुत्रा आला म्हणजे चोर सापडलाच. १९६९ मध्ये महाराष्ट्रातल्याच दफेदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या विश्वासाला वेसण घातली. कुत्र्याला पिंजऱ्यात उभं करता येत नाही, शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. बोलतो तो त्याचा हँडलर. त्यामुळे त्या पुराव्याला फारसं वजन देता येणार नाही.

काही वर्षांतच पुण्यात कुत्र्यांची आठवण सगळ्यांना झाली. १९७६-७७ ची जोशी-अभ्यंकर हत्याकांडं. ज्यांनी तो काळ पाहिला, ते संध्याकाळी सातला बंद होणारी दारं अजून सांगतात. आमच्या आळीत तर दूधवाल्यालाही खिडकीतून नाव विचारलं जाई. ऑक्टोबर १९७६ मध्ये विजयानगर कॉलनीत जोशींचं घर, डिसेंबरच्या पहिल्याच रात्री भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांचं. मारेकऱ्यांनी अभ्यंकरांच्या घरात अत्तर शिंपडलं, कुत्र्यांना माग लागू नये म्हणून. कलेचं शिक्षण घेणाऱ्या चार पोरांना पोलिसांची साधनं कशी चालतात हे ठाऊक होतं, एवढा त्याचा अर्थ. शेवटी गाठ सुटली ती मार्च १९७७ मध्ये नदीत सापडलेल्या मृतदेहापासून, नायलॉनच्या दोरीपासून, आणि मुलांच्या वर्तुळातल्या जबान्यांपासून. एक जण माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश वा. ना. बापट यांनी सप्टेंबर १९७८ मध्ये निकाल दिला, नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. म्हणजे ऐंशी वर्षांनंतरही मोठ्या खटल्याचा कणा बोलणारा माणूसच होता. फरक इतकाच की त्याच्या बोलण्याला दोरीचा, वस्तूंचा, जागांचा आधार जोडावा लागत होता.

मग मेंदूच बोलता करायची कल्पना आली. २००७ साली पुण्यात एका तरुणाला प्रसादातून आर्सेनिक देऊन मारल्याचा आरोप त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीवर आला. तिची मुंबईत ‘बीओस’ चाचणी झाली. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून बसवायचं आणि वाक्यं ऐकवायची: मी आर्सेनिक विकत घेतलं, मी त्याला भेटले. तिने काही बोलायचं नाही. मेंदूतल्या विद्युतलहरींवरून संगणक सांगणार, की ही गोष्ट तिने नुसती ऐकलेली आहे की प्रत्यक्ष अनुभवलेली. ही पद्धत बसवणारे सी. आर. मुकुंदन बंगळुरूच्या निम्हान्समध्ये काम केलेले. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप दिली, आणि निकालात या चाचणीला मोठं स्थान मिळालं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर लिहिलं. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या.

आम्हा वकिलांत त्या दिवसांत हाच विषय. तरुण मंडळींना वाटे, आता साक्षीदार फितूर होण्याची कटकट गेली. मला एकच शंका होती: त्या यंत्राचा उलटतपास कसा घ्यायचा? ठसेतज्ज्ञ निदान रेघ दाखवतो, ती मला माझ्या डोळ्यांनी मोजता येते. इथे दाखवायला एक आलेख होता, पण चुकीचं प्रमाण किती, कितीजणांवर आणि कुणी पडताळलं, याला उत्तर नव्हतं. निम्हान्सच्याच संचालकांच्या नेतृत्वाखालच्या समितीने त्याच वर्षी या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय पाया नसल्याचं सांगितलं. आरोपी तरुणीला पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी माणसावर त्याच्या संमतीविना करता येणार नाही.

शुक्रवार पेठेतला खटला आणि हा प्रसादातल्या आर्सेनिकचा, दोन्ही विषाचे, दोन्ही पुण्याच्या सत्र न्यायालयातले. पहिल्यात विज्ञान रिकाम्या हाताने आलं आणि न्यायालयाने प्रत्येक नोंद चाळून बघितली. दुसऱ्यात विज्ञान ओंजळ भरून आलं आणि ती ओंजळ कशाने भरलीय हे पुरेसं विचारलं गेलं नाही. माझ्या मते पहिलं न्यायालय जास्त शास्त्रीय होतं.

संगणकाच्या गुन्ह्यांनीही हेच शिकवलं. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी नकली कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, आणि दोन दिवसांनी स्विफ्टमार्फत हाँगकाँगला रक्कम वळवली. एकूण सुमारे ९४ कोटी. बँकेचं मुख्य कार्यालय त्याच गणेशखिंड रस्त्यावर, पण ना घोडा, ना बग्गी, ना अंधार. हल्ल्याचा कर्ता समुद्रापार राहिला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ज्या अकरा जणांना दोषी ठरवलं, त्या टोळीचा माग कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर उभं राहून नोटा काढणाऱ्यांपासून लागला. तिथल्या कॅमेऱ्यांत ते दिसत होते.

कॅमेऱ्यात दिसणं वेगळं, कोर्टात दिसणं वेगळं. चित्रण पेनड्राइव्हमध्ये आणलं, तर ते कोणत्या यंत्रातून, कोणी, कसं काढलं याचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या एका निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र सक्तीचंच असल्याचं पुन्हा बजावलं. सोसायटीचा सेक्रेटरी, दुकानाचा मालक, बँकेचा तंत्रज्ञ यांची एक सही नसली, तर उत्तम चित्रणही भिंतीवरच राहतं.

आता जप्त केलेल्या मालाच्या पुडक्याबद्दल बोलते, कारण माझ्या वकिलीचा अर्धा भाग त्यात गेला. घटनास्थळी रक्ताची माती, कपडे, सुरा जप्त होतो. पंचांसमक्ष पंचनामा होतो, कागदी पुडक्यावर पंचांच्या सह्यांची लेबलं चिकटवतात, दोरा गुंडाळून लाखेचं सील मारतात. पुडकं मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जातं, रजिस्टरला नोंद होते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एक शिपाई ते एसटीने किंवा गाडीने प्रयोगशाळेत पोचवतो. तिथून येतो तो केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल, आमच्या भाषेत सीए रिपोर्ट. त्यात सुरुवातीलाच एक ओळ असते: सील शाबूत व पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे. सगळं विज्ञान त्या ओळीनंतर सुरू होतं.

आणि कायद्याची गंमत बघा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९३ व्या कलमाखाली हा अहवाल लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला एरवी कोर्टात यावं लागत नव्हतं, कागदच पुरावा व्हायचा. पण पुडकं नेणारा शिपाई येतो, मुद्देमाल कारकून येतो, पंच येतात. एका खटल्यात पंचनाम्यात शर्ट निळा होता आणि अहवालात हिरव्या शर्टवर रक्त होतं. एका ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पावसाचं पाणी शिरून लेबलं पुसली होती. अशा वेळी माझा अशील सुटायचा आणि मी माझं काम केलेलं असायचं. पण मयताची आई बाकावर बसलेली असायची, तिच्याकडे बघून मला कधी विजय वाटला नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे आणि पुरावा गोळा करतानाचं चित्रण व्हायचं आहे. राज्यांना तयारीला पाच वर्षं दिली आहेत. फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या आल्या, ठसे, डोळे आणि चेहरा एकत्र जुळवणारी संगणकीय यंत्रणा त्याआधीच आली आहे. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. ‘नेहमीचा पंच’ नावाची संस्था यामुळे संपली तर मीच पेढे वाटीन. खबऱ्या आणि मार यांच्या जोरावर चालणाऱ्या तपासापेक्षा हे केव्हाही चांगलं.

फक्त गाडीच्या उद्घाटनाला जेवढी फुलं लागतात, तेवढा खर्च मुद्देमाल खोलीच्या छपरावरही व्हावा. जैविक नमुने ठेवायला प्रत्येक ठाण्यात शीतकपाट असावं आणि त्याला वीज गेल्यावर चालणारी सोय. मुद्देमाल कारकुनाला शिक्षा म्हणून ती जागा मिळू नये, प्रशिक्षण देऊन मिळावी. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या त्या शिपायासारखा कुणी खालच्या पायरीवरचा माणूस ‘साहेब, इथे काहीतरी दिसतंय’ म्हणाला, तर वरच्याने ते ऐकून लिहून घ्यावं. सव्वाशे वर्षांत पुण्यात जे खटले टिकले, ते कुणीतरी वेळेवर नीट लिहून ठेवलं म्हणून टिकले.

नव्या गाडीतून आलेला पुरावा घेऊन एखादी तरुण सरकारी वकील कोर्टात उभी राहील, तेव्हा समोरच्या बाकावरचा माझा एखादा ज्युनियर तिला यंत्राच्या अचूकतेबद्दल काही विचारणार नाही. तो तपासी अंमलदाराला विचारेल, की नमुना रात्री साडेनऊला जप्त झाला आणि सकाळी अकराला जमा झाला, तर मधल्या वेळात तो कुणाच्या ताब्यात होता. त्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टरला असायला हवं.